देशाचे डॉलर संपले तेव्हा आमच्या खोलीवर काय शिजत होतं

"नोटा तर सरकारच छापतं ना सर? मग सरकारचे पैसे संपतात कसे?"

जुलै २०२२ ची गोष्ट. श्रीलंकेचे डॉलर संपले होते, कोलंबोत लोक राष्ट्राध्यक्षांच्या बंगल्यात घुसले होते, तिथल्या तलावात पोरं डुंबत होती, आणि तो व्हिडिओ आमच्या वर्गात शेवटच्या बाकापर्यंत हातोहात फिरत होता. विचारणारा मुलगा पारोळ्याकडचा. मी अर्थशास्त्र शिकवतो, पण 'व्यवहारतोल' (देशाच्या बाहेरच्यांशी होणाऱ्या देवघेवीचा हिशेब) हा शब्द तोंडातून निघाला की निम्मा वर्ग खिडकीबाहेर बघायला लागतो, हे मला ठाऊक आहे. म्हणून त्यालाच उलट विचारलं, "तुझ्या घरात कणगी भरून दादर ज्वारी आहे, पण खिशात दमडी नाही. जळगावला येशील कसा?"

"कंडक्टर थोडीच दादर घेईल सर?"

"मग?"

"थोडी विकेन. नाहीतर कोणाकडून तरी उसने घेईन."

"आणि विकायला वेळ नसेल, उसनं कोणी देत नसेल तर?"

"मग काय, घरीच बसीन."

देशाचं परकीय चलनाचं संकट म्हणजे हेच, घरी बसायची वेळ येणं. रुपया ही आपली दादर. गावात चालते, देशात चालते, आणि हवी तेवढी छापताही येते. पण खनिज तेल, पोटॅश, यंत्रांचे सुटे भाग, औषधांचा कच्चा माल विकणारा जो कंडक्टर बाहेर उभा आहे, तो रुपया घेत नाही. त्याला डॉलर लागतात, आणि डॉलर छापायचं यंत्र अमेरिकेत आहे. आपल्याला ते मिळतात तीन-चार वाटांनी. आपला माल बाहेर विकून, बाहेर राबणाऱ्या आपल्या माणसांनी घरी पाठवलेल्या पैशातून, बाहेरच्यांनी इथे गुंतवलेल्या पैशातून, आणि काहीच जमलं नाही तर कर्जातून. यातून जो साठा रिझर्व्ह बँकेकडे उरतो, त्याला वर्तमानपत्रं परकीय चलनाची गंगाजळी म्हणतात. मोठा पवित्र शब्द आहे. प्रत्यक्षात ती डब्यात ठेवलेली मोड, म्हणजे सुटे पैसे, असते.

त्यामुळे कणग्या भरलेला देशही कंगाल होऊ शकतो. १९९१ मध्ये आपल्याकडे धान्याची गोदामं रिकामी नव्हती. मोड संपली होती.

हे मी पुस्तकातून शिकलो ते बऱ्याच नंतर. १९९१ मध्ये मी जळगावात एसवायला, म्हणजे बीएच्या दुसऱ्या वर्षाला होतो. घर अमळनेर तालुक्यात, शेती कापूस-ज्वारीची, आणि जळगावात तिघांत मिळून एक खोली. आमचं विद्यापीठही आमच्यासारखंच नवशिकं होतं. १५ ऑगस्ट १९९० ला सुरू झालेलं, त्याआधी खान्देशातली कॉलेजं पुण्याला जोडलेली असायची. देशावर संकट आहे हे मला त्या वर्षी कोणीही सांगितलं नाही. आज मागे वळून बघतो तेव्हा माझ्या हिशेबाच्या वहीत ते पानोपानी दिसतं. आप्पांची, म्हणजे वडिलांची, ताकीद होती, दर महिन्याला वही दाखवल्याशिवाय पुढच्या महिन्याचे पैसे नाहीत.

आधी खड्डा कसा पडला ते सांगतो.

१९८० च्या दशकात सरकारचा खर्च मिळकतीपेक्षा वाढत गेला आणि आयात निर्यातीपेक्षा. फरक भागवायला कर्ज काढलं. त्यातलं बरंच थोड्या मुदतीचं, म्हणजे आज घेतलं की सहा महिन्यांनी दारात उभं. शिवाय परदेशातल्या भारतीयांनी इथे ठेवलेल्या ठेवी होत्या, त्या कधीही काढून नेता येत होत्या. असं घर चालतं. मात्र वर्ष नीट गेलं पाहिजे.

वर्ष नीट गेलं नाही. २ ऑगस्ट १९९० ला इराकने कुवेत गिळला. खनिज तेलाचा भाव काही आठवड्यांत दुपटीच्या वर गेला, ऑक्टोबरमध्ये पिंपाला ४० डॉलरच्या घरात पोचला. कुवेतमधून पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीयांना विमानांनी परत आणावं लागलं. माणसं सुखरूप आली, हे मोठंच काम झालं. पण ती घरी पाठवायची तो पैसा थांबला. खर्च दुप्पट आणि मिळकत बंद, असं एकाच महिन्यात झालं. दिल्लीत तर एक सरकार नोव्हेंबरमध्ये पडलं, दुसरं मार्चमध्ये राजीनामा देऊन बसलं. फेब्रुवारीत पूर्ण अर्थसंकल्पसुद्धा मांडता आला नाही. मे महिन्यात राजीव गांधींची हत्या झाली.

गावात एखाद्या घराबद्दल कुजबुज सुरू झाली की काय होतं ते खेड्यातल्या माणसाला सांगायला नको. 'त्याचं काही खरं नाही' एवढं कानावर आलं की ज्याचे पाचशे असतील तोही संध्याकाळी ओट्यावर येऊन बसतो. आदल्या दिवशी 'राहू द्या, घाई नाही' म्हणालेला माणूस दुसऱ्या दिवशी सगळ्यांत पुढे. देशाचंही तसंच झालं. थोड्या मुदतीची कर्जं पुढे ढकलायला बँका तयार होईनात आणि अनिवासी ठेवी निघू लागल्या. २४ जुलै १९९१ च्या अर्थसंकल्पात मनमोहन सिंगांनी सांगितलं की गंगाजळी साधारण २,५०० कोटी रुपयांची उरली आहे आणि ती जेमतेम पंधरवड्याच्या आयातीला पुरेल.

पंधरा दिवस! आमच्या खोलीवर रॉकेलचा साठाही साधारण तेवढाच असायचा.

उसनं मिळेना तेव्हा घरातलं सोनं बाहेर काढायचं, हे जळगावला नव्याने सांगायची गरज नाही. इथल्या सराफ बाजारात जितकं सोनं हौसेने विकत घेतलं जातं, तितकंच गरजेपोटी गहाणही पडत आलं आहे. देशानेही तेच केलं. मे महिन्यात तस्करांकडून जप्त केलेल्या सोन्यातलं २० टन स्टेट बँकेमार्फत स्वित्झर्लंडच्या बँकेला, परत घेण्याच्या बोलीवर, विकलं. जुलैत रिझर्व्ह बँकेने स्वतःच्या साठ्यातलं जवळजवळ ४७ टन विमानांनी लंडनला बँक ऑफ इंग्लंडकडे पाठवून त्यावर ४० कोटी डॉलरच्या आसपास कर्ज उचललं. विमानतळाकडे निघालेल्या त्या ताफ्यातली एक गाडी मुंबईत भर रस्त्यात बंद पडली आणि बंदोबस्तातल्या लोकांची तारांबळ उडाली, हा किस्सा पुढे कितीतरी वेळा सांगितला गेला.

ही बातमी फुटली त्या दिवसांत मी घरी होतो. आमच्याकडेही योगायोगाने तोच हंगाम होता. बियाणं, खत, माझी फी आणि धाकटीची अकरावी. ती जूनमध्ये दहावी पास झाली होती, चांगल्या मार्कांनी, आणि तिला जळगावला यायचं होतं. मायच्या पाटल्या आदल्याच आठवड्यात सराफाकडे जाऊन आल्या होत्या. म्हणजे गेल्या होत्या, आल्या नव्हत्या. रेडिओवर पुण्याच्या बातम्या संपल्या तशी माय चुलीपुढून म्हणाली, "देशनं बी आपलासारखंच शे का रे भाऊ?" आप्पा काही बोलले नाहीत. लोक मात्र चावडीवर फार बोलत होते. देशाची अब्रू गेली म्हणत होते. मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं की गहाण ठेवण्यात अब्रू जात नाही. गहाण ठेवायची वेळ येईपर्यंत घरात कोणी हिशेब बघत नव्हतं, ती खरी लाजेची गोष्ट.

त्याच जुलैच्या १ आणि ३ तारखेला रुपयाचं अवमूल्यन झालं. दोन टप्प्यांत डॉलर साधारण २१ रुपयांवरून २६ वर गेला. या शब्दाला लोक उगाच घाबरतात. दहा डॉलरचं परदेशी पुस्तक जूनमध्ये २१० रुपयांना पडत होतं, ते जुलैत २६० ला पडू लागलं. एवढंच. बाहेरून येणारं सगळं महाग, आणि बाहेर जाणाऱ्या मालाचे जास्त रुपये. देशाने आयात कमी करावी आणि निर्यात वाढवावी म्हणून औषध दिलं जातं ते हेच. पण हे औषध कोणाच्या तोंडी कडू आणि कोणाच्या तोंडी गोड लागतं, ते ज्याच्या त्याच्या धंद्यावर आहे. आज रावेर-यावलची केळी आखाती देशांत जाते, तेव्हा डॉलर चढला की तिथल्या एखाद्या घरात आनंद होऊ शकतो. १९९१ मध्ये आमची केळी वॅगन भरून दिल्लीकडे जायची. दिल्लीवाला रुपयेच देणार. म्हणजे अवमूल्यनाचा तोटा आम्हाला पुरा आणि फायदा जवळजवळ शून्य.

तोटा कसा, ते खतात बघा. पोटॅश आपल्या देशात मिळत नाही, सगळं बाहेरून येतं. आणि केळीला पोटॅश पडलं नाही तर घड भरत नाही. २४ जुलैच्या अर्थसंकल्पात खतांचे भाव सरासरी ४० टक्क्यांनी वाढवले. ओरड झाली तेव्हा ऑगस्टमध्ये ती वाढ ३० टक्क्यांवर आणली आणि लहान शेतकऱ्यांना सूट दिली. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये पोटॅश आणि स्फुरदावरचं किमतीचं नियंत्रणच उठलं आणि पोटॅशचा भाव दुपटीच्याही वर गेला. आता विचारा, याचा जळगावात इतिहास शिकणाऱ्या पोराशी संबंध काय? संबंध असा की त्या पोराची खानावळ खताच्या पैशातून कापली जाते. शेतकऱ्याच्या घरात आधी पेरणी, मग आजारपण, मग शिक्षण, असा क्रम कोणी लिहून ठेवलेला नसतो. पण तो चुकत नाही.

माझ्या वहीत जुलै-ऑगस्ट १९९१ ची पानं तशी शांत आहेत. उलथापालथ सुरू होते दिवाळीनंतर. बरीच वर्षं मला याचं नवल वाटायचं. राष्ट्रीय संकट जुलैत आणि माझं डिसेंबरात? उत्तर सोपं आहे. जुलैत आप्पांनी खत उधारीवर उचललं होतं. ती उधारी फिटायची कापूस गेल्यावर. कापसाचे पैसे आले, उधारी फिटली आणि हातात उरलं ते दरवर्षीपेक्षा कमी. तिथे माझा महिना आखडला. पगारदाराच्या घरात महागाई पहिल्या तारखेला पोचते. शेतकऱ्याच्या घरात ती पीक निघेपर्यंत बांधावर थांबून राहते.

खोलीवरचं जेवण सांगतो. सकाळचा डबा गावाहून यायचा. आप्पा अमळनेरला स्टेशनवर येऊन अप-डाऊन करणाऱ्या कोणाच्या तरी हातात द्यायचे आणि सुरत लाइनीवरच्या पॅसेंजरने तो धरणगाव, पाळधी करत जळगावात उतरायचा. कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा, कधी भरीत. या डब्यावर अवमूल्यनाचा परिणाम झाला नाही, कारण त्यात विकत घेतलेलं जवळपास काहीच नव्हतं. घरची ज्वारी, घरची वांगी. रेल्वेचा पासही सवलतीचा असायचा. ईबीसीचा (आर्थिकदृष्ट्या मागासांच्या सवलतीचा) फॉर्म भरला की फीमध्ये सूट मिळायची. देश बुडायला आला होता तरी माझ्यासारखा पोरगा बुडाला नाही, त्याला ही तीन कारणं आहेत. घरचं धान्य, सवलतीचा पास आणि फीमाफी. यातलं एक जरी नसतं तरी मी त्याच वर्षी मुक्कामाला गावी परतलो असतो.

संध्याकाळ मात्र आमची आम्हाला बघावी लागे. खिचडी आणि वातीचा स्टोव्ह. इथे रॉकेलचा मोठा मासलेवाईक धडा मिळाला. जुलैच्या अर्थसंकल्पात पेट्रोल आणि गॅस २० टक्क्यांनी महागले, रेशनची साखर किलोमागे ८५ पैशांनी वाढली, पण घरगुती रॉकेल? ते १० टक्क्यांनी स्वस्त केलं. गरिबाची चूल विझू नये म्हणून. चांगलाच विचार होता. अडचण एवढीच की स्वस्त रॉकेल रेशन कार्डावर, आमची कार्डं गावाकडे, आणि आम्ही जळगावात. कार्ड नसलेल्या विद्यार्थ्याला रॉकेल मिळायचं ते पाठीमागच्या दाराने, बाटलीच्या हिशेबाने, आणि तो भाव कुठल्या अर्थसंकल्पात छापून येत नाही. आखाती युद्धापासून तेलाची चणचण होती, त्यामुळे पाठीमागच्या दाराचा भाव पुढच्या दाराच्या उलट्या दिशेने चालला होता. सरकारी भाव आणि खरा भाव यांच्यातलं अंतर म्हणजे काय, हे मी पुढे वीस वर्षं शिकवलं. शिकलो मात्र रिकामी बाटली हातात घेऊन.

आम्ही तोड काढली. खिचडी एकदाच, रात्रीची. सकाळी तीच परतून. तिसऱ्या जोडीदाराने तर डाळ रात्रभर भिजवायला सुरुवात केली. भिजलेली डाळ लवकर शिजते, रॉकेल वाचतं. तेल शेंगदाण्याचं असायचं, ते हळूहळू अर्ध्या पळीवर आलं. त्या काळी देशाला खाद्यतेलही बाहेरून आणावं लागे, आणि डॉलर नाहीत म्हटल्यावर तिथेही हात आखडला होता. शेवभाजीची चैन महिन्यातून एकदा व्हायची, ती परीक्षेच्या शेवटच्या पेपरवर गेली. आम्हाला वाटायचं, आपण फार काटकसरी झालोय. तिकडे मुंबईत रिझर्व्ह बँकेची आयातीवरची बंधनं, अनामत रकमा, महागडं कर्ज असं सगळं चाललं होतं, आणि त्याचं आमच्या खोलीतलं रूप म्हणजे भिजवलेली तूरडाळ.

बीएस्सीवाल्या जोडीदाराची तऱ्हा वेगळी. त्यांच्या प्रॅक्टिकलला दोघांत एक सेट असायचा, त्या वर्षी चौघांत एक झाला. बाहेरून येणारी रसायनं आणि काचसामान यांच्या किमती वाढल्या की ग्रँट तीच राहते आणि नळ्या कमी होतात. तो म्हणायचा, मी वर्षभर टायट्रेशन बघितलं, केलं नाही.

आता महागाईबद्दल. ऑगस्ट १९९१ मध्ये घाऊक किमतींची महागाई १७ टक्क्यांच्या आसपास पोचली होती. टक्का हा फार गुळगुळीत शब्द आहे, म्हणून असा हिशेब करून बघा. समजा एखाद्या पोराला महिन्याला ३०० रुपये शिष्यवृत्ती आहे आणि भाव वर्षात १५ टक्क्यांनी वाढले. रक्कम ३०० च राहिली. पण गेल्या वर्षी जे सामान ३०० ला येत होतं, त्यातलं आता साधारण २६० रुपयांचंच हातात येतं. चाळीस रुपये गेले. कोणी चोरले नाहीत, कोणी कापले नाहीत, पावती नाही, अर्ज कोणाकडे करायचा तेही कळत नाही. पगाराला महागाई भत्ता असतो, मजुरी भांडून वाढवून घेता येते. विद्यार्थ्याची मिळकत ही दुसऱ्याने ठरवलेली, वर्षाच्या सुरुवातीला बांधून दिलेली रक्कम असते. म्हणून महागाईत तो सगळ्यांत बिनबोभाट गरीब होतो.

आणि आता श्रीलंका. पारोळ्याच्या त्या पोराला मी हे सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "पण सर, तुम्ही तर शिकलात ना? तिथे तर शाळाच बंद आहे." त्याचं बरोबर होतं. १९९१ चा भारत आणि २०२२ ची श्रीलंका ही एकाच रोगाची दोन रूपं, पण आपल्याकडे ताप आला आणि तिथे माणूस आडवा झाला.

त्यांची कहाणी थोडक्यात अशी. २०१९ च्या अखेरीस तिथे मोठी करकपात झाली आणि सरकारची मिळकत घटली. मग कोरोना आला, पर्यटन बसलं. पर्यटन हा तिथला कापूस. २०२१ मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर एकाएकी बंदी घातली, सेंद्रिय शेतीच्या नावाने. भाताचं पीक पडलं, आणि काही महिन्यांत बंदी मागे घ्यावी लागली. तोवर बाहेरून तांदूळ आणायची पाळी आली होती. म्हणजे त्यांची कणगी पण रिकामी आणि मोड पण संपलेली. १२ एप्रिल २०२२ ला त्यांनी जाहीर केलं की परदेशी कर्जाचे हप्ते थांबवत आहोत. त्यांचा रुपया मार्चपर्यंत डॉलरला २०० च्या आसपास धरून ठेवलेला होता. सोडल्यावर तो दोन-अडीच महिन्यांत ३६० वर जाऊन आदळला. सप्टेंबर २०२२ मध्ये कोलंबोतली महागाई ७० टक्क्यांना टेकली, आणि खाण्यापिण्याची तर ९५ टक्क्यांच्या जवळ. आमची १७ टक्के त्यापुढे काहीच नव्हती.

पण विद्यार्थ्याला खरा फटका महागाईने बसला नाही, 'नाही'ने बसला. वस्तू महाग होणं आणि वस्तूच नसणं यातला फरक ज्याने भोगलाय त्यालाच कळतो. मार्च २०२२ मध्ये कोलंबो ज्या प्रांतात येतं त्या पश्चिम प्रांतातल्या शाळांच्या सत्र परीक्षा पुढे ढकलल्या. कारण प्रश्नपत्रिका छापायला कागद नव्हता. कागद आणि शाई बाहेरून येते, आणि ती आणायला डॉलर नव्हते. त्याच महिन्याच्या शेवटी दिवसाला १३ तासांपर्यंत वीज जाऊ लागली. जूनमध्ये कोलंबो आणि आसपासच्या शाळा बंद केल्या, कारण मुलांना आणि गुरुजींना शाळेत आणणारी बस, रिक्षा चालवायला डिझेल-पेट्रोल नाही. जुलैच्या शेवटी उघडल्या त्याही आठवड्यातून तीनच दिवस. पेट्रोल मोबाइलवरच्या क्यूआर कोडवर मोजून मिळू लागलं. आपल्या बारावीसारखी त्यांची जी मोठी परीक्षा, ए-लेव्हल, ती ढकलत ढकलत २०२३ च्या जानेवारीत झाली. आणि ती चालू असतानाही वीज घालवायची की नाही यावर मानवी हक्क आयोग आणि वीज मंडळ यांच्यात वाद चालू होता. पुढे पेपर तपासणी रखडली, कारण नव्या करांविरुद्ध प्राध्यापक संपावर गेले. २०२३ ची शालेय पुस्तकं छापायला लागणारा कागद बराचसा भारताने दिलेल्या उधारीवर आला.

आपल्याकडे १९९१ मध्ये परीक्षा का ढकलल्या नाहीत, याचा विचार मी पुष्कळ केला. एक तर आपण हप्ता चुकवला नाही. सोनं दिलं, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून कर्ज घेतलं, अटी मान्य केल्या, पण दुकान बंद पडू दिलं नाही. दुसरं म्हणजे आपला देश मोठा. कागद इथे बनतो, कोळसा इथे निघतो, ज्वारी इथे पिकते. जो बाहेरून कमी आणतो त्याला बाहेरच्या कंडक्टरचं भय कमी. (याचा अर्थ सगळं घरीच बनवावं असा काढणारे लोक मला भेटतात. श्रीलंकेने खताचं तेच केलं होतं.) आणि तिसरं कारण जरा कडू आहे. आम्हाला टंचाईची सवयच होती. गॅसला नंबर, फोनला नंबर, स्कूटरला नंबर. रांगेत जन्मलेल्याला रांग हे संकट वाटत नाही.

त्या पोराने शेवटी जे विचारलं ते सगळेच विचारतात. आपल्यावर पुन्हा येईल का? मी भविष्य सांगत नाही, पण बातमी कशी वाचायची ते सांगू शकतो. गंगाजळी किती अब्ज डॉलर आहे हा आकडा एकटा काही सांगत नाही. ती किती महिन्यांच्या आयातीला पुरते ते बघायचं. १९९१ मध्ये दोन आठवडे, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तीच ७०० अब्जांच्या वर, म्हणजे दहा महिन्यांहून जास्त. मग बघायचं की कर्जातलं वर्षाच्या आत फेडायचं किती आहे. हे पाहुणे कधीही दारात येऊ शकतात. आणि तेलाचा भाव. जगात कुठेही युद्ध पेटलं की मी आधी तेलाचा भाव बघतो, नकाशा नंतर. हे तीन आकडे पेपरात छापून येतात, फक्त क्रीडापानाच्या आधीच्या पानावर, जे कोणी वाचत नाही.

देशाचं कर्ज लवकर फिटलं. सोन्यावर उचललेले पैसे त्याच वर्षी परत केले. २००९ मध्ये तर रिझर्व्ह बँकेने नाणेनिधीकडूनच २०० टन सोनं विकत घेतलं, तेव्हा पेपरात अभिमानाच्या बातम्या आल्या, आणि मीही वर्गात त्या वाचून दाखवल्या.

आमच्याकडे जरा वेळ लागला. जुलै १९९१ मध्ये आप्पांनी ओट्यावर बसून हिशेब मांडला होता. खताचे वाढलेले भाव, माझी खोली आणि जळगावात आणखी एकीची खोली. गोष्टी तीन, आणि पैसे दोनच गोष्टींपुरते. माझं नाव कॉलेजात आधीच होतं, ते काढायचा प्रश्न आला नाही. धाकटीला म्हणाले, एक वर्ष थांब. ती थांबली. त्या वर्षी ती कापूस वेचायला गेली आणि सकाळी माझा डबा भरायला लागली. पुढच्या जूनमध्ये पोटॅशचं आणि पावसाचं काहीतरी निघालं, त्याच्या पुढच्या जूनमध्ये स्थळ आलं.

पाटल्या १९९२ च्या दिवाळीनंतर सुटल्या. मायने त्या १९९४ च्या उन्हाळ्यात धाकटीच्या हातात घातल्या, लग्नात. मी तेव्हा एमएच्या पहिल्या वर्षाला होतो, परीक्षा संपवून मांडवात पोचलो होतो. पत्रिकेत माझ्या नावापुढे बीए छापलं होतं.